अक्षता उडतात तेव्हा

लग्नाच्या व्हिडिओतला एन्कोडरला सर्वांत जड जाणारा क्षण म्हणजे अक्षतांचा. डीव्हीडीची एमपेग-२ पद्धत प्रत्येक फ्रेम नव्याने साठवत नाही. मागच्या फ्रेमपेक्षा काय बदललं, तेवढंच बहुतांशी नोंदवते. खुर्च्यांवर बसलेले पाहुणे तिला सोपे जातात. पण मंगलाष्टक संपून चहूकडून तांदूळ उडाले, की हजार दाणे हजार दिशांना जातात. त्या घडीला बिटरेट अपुरा पडला, तर नवरीच्या शालूवर चौकोनी ठोकळे उमटतात.

एडिटरने म्हणूनच एक्स्पोर्टचं बटण दाबण्याआधी हिशेब मांडावा. एकपदरी डीव्हीडीत ४.७ अब्ज बाइट मावतात. दोन तासांच्या फिल्मला सेकंदाला सरासरी ५.२ मेगाबिट मिळतात. त्यात चित्र आणि आवाज दोन्ही बसवायचे. न दाबलेला पीसीएम स्टीरिओ एकटाच दीड मेगाबिट खातो, तर सहा चॅनलचा डॉल्बी डिजिटल ४४८ किलोबिटमध्ये भागतो. मेन्यूसाठी थोडी जागा सोडूनही चित्राला साडेचार मेगाबिटच्या आसपास उरतात. आवाजात कंजूषी करून चित्र सुधारण्याचा खटाटोप मला कधीच पटलेला नाही. वाचतं फार थोडं आणि जातात माणसांचे आवाज.

उरलेले बिट सगळीकडे सारखे वाटू नयेत. दोन फेऱ्यांचं व्हेरिएबल एन्कोडिंग निवडलं, की पहिल्या फेरीत अवघड जागा हेरल्या जातात आणि दुसरीत अक्षतांना जास्त वाटा मिळतो. नियमाप्रमाणे चित्राला ९.८ मेगाबिटपर्यंत मुभा आहे, पण घरी बर्न केलेल्या डिस्कवर जुने प्लेअर त्याआधीच अडखळतात. कमाल मर्यादा आठवर ठेवलेली बरी.

फील्डचा क्रम हीसुद्धा नाजूक बाब आहे. जुन्या डीव्ही टेपमध्ये खालचं फील्ड आधी येतं, एचडी कॅमेऱ्यात वरचं. क्रम उलटा लागला, तर सप्तपदीतलं प्रत्येक पाऊल थरथरतं; संगणकाच्या पडद्यावर मात्र ते बऱ्याचदा दिसतच नाही.

सराउंडमध्ये गुरुजींचा आवाज मधल्या चॅनलवर, सनई पुढे डाव्या-उजव्या बाजूंना आणि कार्यालयातला गलबला हलकेच मागे, ही मांडणी कानाला खरी वाटते. इथे चॅनलचा क्रम तपासावाच लागतो. काही सॉफ्टवेअर डावा, उजवा, मधला, सब-वूफर आणि मग मागचे दोन असा क्रम धरतात. काही डावा, मधला, उजवा, मागचे दोन आणि शेवटी सब-वूफर असा. दोहोंची गफलत झाली, की मंत्र उजव्या कोपऱ्यातून येतात आणि मागचा गलबला वूफरमध्ये घुमतो.

एन्कोडरमध्ये 'डायलॉग नॉर्मलायझेशन' अनेकदा आधीपासूनच उणे २७ वर असतं, शिवाय सिनेमासाठीचं कॉम्प्रेशनही चालू असतं. त्यामुळे एकूण आवाज चार डेसिबलने उतरतो आणि ताशाच्या कडकडाटानंतर गुरुजी दबतात. घरगुती फिल्मसाठी उणे ३१ ठेवून कॉम्प्रेशन बंद करावं.

ही डिस्क बहुतेक घरांत टीव्हीच्या दोन स्पीकरवरच ऐकली जाते. प्लेअर सहा चॅनल दोनांत मिसळतो, तेव्हा सब-वूफरचा चॅनल सहसा गाळला जातो. ढोलाचा ठोका फक्त तिथेच ठेवला असेल, तर त्या घरी वरात ढोलाविना निघते. तो पुढच्या दोन चॅनलमध्येही पुरेसा ठेवावा आणि मास्टर पक्का करण्याआधी साध्या टीव्हीवर एकदा ऐकून पाहावा.