अण्णांच्या नावानं काय द्यायचं?

ती. ताईस,


अण्णांच्या फोटो स्टुडिओची जागा विकून आलेल्या पैशातला तुझा वाटा तू घरात वापरणार नाहीस, त्यातून अण्णांच्या नावानं दरवर्षी एका तरुण छायाचित्रकाराला बक्षीस देणार, हे तू फोनवर सांगितलंस तेव्हा मला फार बरं वाटलं. माझाही वाटा त्यात घाल. फक्त एक विनंती आहे, आणि ती फोनवर धड मांडता येणार नाही म्हणून लिहायला बसलोय. हे पैसे फोटो काढणाऱ्याला देण्याऐवजी फोटो आणि व्हिडिओ लोकांपुढे नीट आणणाऱ्याला देऊ या. तरुण क्युरेटरला.

तू लगेच म्हणशील, फोटो काढणारा हलाखीत आणि भिंतीवर टांगणाऱ्याला पैसे, हा कुठला न्याय? छायाचित्रकारांचे हाल मलाही दिसतात. पण त्यांच्यासाठी निदान स्पर्धा आहेत, वर्तमानपत्रं आहेत, लग्नाच्या ऑर्डरी आहेत. अण्णांनी त्याच ऑर्डरींवर आपल्याला वाढवलं. क्युरेटर होऊ पाहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला असा पोटापाण्याचा कुठलाच आधार नाही. आणि टांगणं हा तर त्या कामाचा शेवटचा, सगळ्यात सोपा भाग.

अण्णांच्या निगेटिव्हच्या खोक्यांवर काम करायला आलेली ती मुलगी तुला आठवत असेल. आठवडाभर लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायची आणि रविवारी एसटीनं यायची. आपण त्या निगेटिव्हच्या ढिगात लहानाचे मोठे झालो, पण तिनं पहिल्याच दिवशी जे पाहिलं ते आपल्याला कधी दिसलं नव्हतं. बटर पेपरच्या पाकिटातून एक निगेटिव्ह काढून तिनं खिडकीपाशी तिरपी धरली. त्यातल्या बाईच्या गालावर शिसपेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, अगदी केसाएवढ्या. देवीचे व्रण बुजवायला अण्णा निगेटिव्हवरच पेन्सिल चालवत, म्हणजे प्रिंटमध्ये तेवढा भाग उजळ येई आणि गाल नितळ दिसे. रिटचिंग म्हणून आपल्याला ते ठाऊक होतं. तिनं मात्र तशा साऱ्या निगेटिव्ह बाजूला काढल्या आणि स्टुडिओच्या रजिस्टरशी ताडून पाहिल्या. बहुतेक बायकांच्या निघाल्या, त्याही स्थळं पाहायच्या वयातल्या. निगेटिव्ह लाइटबॉक्सवर ठेवायची आणि शेजारी तिचीच प्रिंट लावायची, एवढंच तिच्या मनात होतं. लग्न ठरण्यासाठी आपल्या गावात बाईचा चेहरा कसा घडवला जात होता, हे पाहणाऱ्याला दोन पावलांत कळलं असतं.

आणखी एक गोष्ट तिनं केली. रजिस्टरमधली नावं उतरवून घेतली आणि सांगितलं, ज्यांच्या घरच्यांना विचारलेलं नाही त्यांचा चेहरा भिंतीवर जाणार नाही. व्रण असलेला चेहरा उघडा करायचा की नाही हे ठरवायचा हक्क तिच्याकडे नाही, त्या घराकडे आहे, असं तिचं म्हणणं होतं. ताई, याला मी क्युरेटरचं काम म्हणतो. ढिगातून प्रश्न शोधणं, तो चित्रांच्या मांडणीतून विचारणं आणि चित्रातल्या माणसाचा मान राखणं.

पुढे काय झालं हेही तुला ठाऊक आहे. तिनं एका संस्थेकडे अर्ज केला. फॉर्म इंग्रजीत होता, आधीच्या प्रदर्शनांची यादी मागितली होती, आणि प्रवासखर्च मिळेल, मानधनाची तरतूद नाही, असं उत्तर आलं. ती पूर्णवेळ नोकरीला लागली. खोकी पुन्हा माळ्यावर गेली आणि आता त्यातल्या काही फिल्म निगेटिव्हना व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागलाय. अॅसिटेटची फिल्म कुजायला लागली की तो वास येतो. तो एकदा सुरू झाला की मागे फिरत नाही, थंड कोरड्या जागेत फार तर त्याचा वेग कमी होतो.

हे फक्त गावच्या स्टुडिओचं दुखणं आहे असं समजू नकोस. 1969 साली चित्रकार अकबर पदमसींना नेहरू फेलोशिप मिळाली. ते पैसे त्यांनी स्वतःपुरते न ठेवता मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केलं. चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले एकाच जागी येऊन प्रयोग करत. पदमसींनी तिथे ‘सिझिजी’ केली, नुसत्या रेषांच्या शेकडो रेखाटनांतून हलणारी फिल्म. तिचं अॅनिमेशन राम मोहन यांचं. आणि पदमसींनीच ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ नावाची दुसरी छोटी फिल्म केली. या दुसऱ्या फिल्मची प्रिंट हरवली आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. इतका मोठा चित्रकार! त्याचा साधा कॅनव्हाससुद्धा लोकांनी जिवापाड जपला, पण त्याची फिल्म कुणाच्याच हिशेबात नव्हती. पुढे 2016 मध्ये दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना सोबत घेऊन, त्यांच्या आठवणींच्या आधारानं ती फिल्म नव्यानं उभी केली. त्या कार्यशाळेचा इतिहासही नॅन्सी अदजानिया यांच्यासारख्या अभ्यासक-क्युरेटरनं शोधून लिहिला, म्हणून आज आपल्याला सांगता येतो.

त्याच कार्यशाळेत नलिनी मलानी होत्या, विशीतल्या. 1969 मध्ये त्यांनी कागदी घरांच्या प्रतिकृतीवरून ‘ड्रीम हाउसेस’ नावाची रंगीत फिल्म केली. 1976 मध्ये तिला एक कृष्णधवल फिल्म जोडली, उंचावरून मुंबईकडे पाहणाऱ्या तरुणीची. दोन्ही मिळून ‘युटोपिया’ झालं. हे काम दोन पडद्यांवर एकाच वेळी पाहायचं असतं. नव्या देशाचं घराचं स्वप्न आणि प्रत्यक्षातलं शहर शेजारी शेजारी आले की त्याचा अर्थ लागतो. आता हेच कुणी एका टीव्हीवर एकामागून एक लावलं, तर फिल्म तीच राहील पण काम नाहीसं होईल.

व्हिडिओ कलेचं हे असंच असतं. भिंतीवरचं चित्र तुमची वाट बघतं, व्हिडिओ बघत नाही. माणूस मधूनच आत येतो, त्याला सुरुवात कुठली आणि शेवट कुठला ते कळत नाही. म्हणून दाराशी लांबी लिहायची, आत बाक ठेवायचा, शेजारच्या खोलीतला आवाज इकडे झिरपणार नाही असा पडदा लावायचा, प्रोजेक्टर महिनाभर रोज आठ तास चालेल का ते आधी पाहायचं, फाइलची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवायची, कलाकाराशी लेखी करार करायचा. छायाचित्रांचंही तसंच. उजेड किती, प्रिंट केवढी, काच लावायची की नाही, कुणानंतर कुणाला ठेवायचं. यातलं काहीही पुस्तक वाचून येत नाही. खऱ्या खोलीत, खऱ्या प्रोजेक्टरसमोर, खऱ्या प्रेक्षकांत उभं राहूनच ते येतं. तशी खोली तरुणांना मिळवून देणं हीच मदत.

आणि त्याहून मोठी गरज वेळेची. होमाई व्यारावालांचं उदाहरण घे. मुंबईत शिकलेल्या, जे. जे.तून बाहेर पडलेल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. स्वातंत्र्याच्या काळातले नेहरू, गांधीजींची अंत्ययात्रा, दिल्लीतले राजकीय समारंभ त्यांनी टिपले आणि 1970 च्या सुमारास कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. पुढे कितीतरी वर्षं त्या विस्मरणात गेल्या. सबीना गडिहोक यांनी 1998 मध्ये ‘थ्री विमेन अँड अ कॅमेरा’ हा माहितीपट केला, त्यातल्या तिघींत होमाई होत्या. 2006 मध्ये त्यांनी होमाईंवर पुस्तक लिहिलं. 2010 मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांनीच क्युरेट केलेलं होमाईंचं मोठं प्रदर्शन झालं. 2011 मध्ये होमाईंना पद्मविभूषण मिळालं आणि 2012 च्या जानेवारीत त्या गेल्या. तारखा लक्षात घे. माहितीपटापासून प्रदर्शनापर्यंत बारा वर्षं गेली. सबीनाबाई विद्यापीठात शिकवत होत्या, त्यांच्या अभ्यासाला नोकरीचा टेकू होता. एडिटिंग करून पोट भरणाऱ्या आपल्या त्या मुलीला बारा वर्षं कुठून मिळणार? तिला दोन मिळाली तरी पुष्कळ.

या दिशेनं देशात काहीच होत नाही असं नाही. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्‌स संग्रह आणि संग्रहालयांवरच्या कामासाठी तरुणांना फेलोशिप देते. दिल्लीच्या ‘खोज’ या संस्थेनं दक्षिण आशियातल्या नव्या क्युरेटरांसाठी प्रशिक्षण चालवलं. कोची-मुझिरिस बिनालेच्या जोडीनं 2014 पासून स्टुडंट्स बिनाले भरू लागली. तीत तरुण क्युरेटर देशभरच्या कला महाविद्यालयांत जाऊन विद्यार्थ्यांचं काम निवडतात, म्हणजे निवडणारा आणि निवडला जाणारा दोघंही एकदम शिकतात. पणजीत 2016 पासून सेरेंडिपिटी कला महोत्सव होतोय. मला सगळ्यात जवळचा वाटला तो ‘गोवाफोटो’ हा छायाचित्र महोत्सव. त्यांनी साळगाव आणि हळदोण्याच्या राहत्या घरांत छायाचित्रं मांडली. घरमालकाच्या दिवाणखान्यात, कुटुंबाच्या जुन्या तसबिरींशेजारी नवी छायाचित्रं. प्रदर्शनाला गॅलरी लागतेच असं नाही, हे त्यांनी करून दाखवलं.

पण यातलं बहुतेक काही आपल्याकडच्या मिरज-कोल्हापूर-अकोल्याच्या मुलांपर्यंत पोचत नाही. अर्ज इंग्रजीत, मुलाखत इंग्रजीत, भिंतीवरचा मजकूरही इंग्रजीत. ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा घरी बनवून सिनेमा काढला, ज्या मुंबईत सावेदादांनी 1899 मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली, तिथल्या मुलाला स्वतःच्या भाषेत छायाचित्राबद्दल दोन पानं लिहून कुठे द्यायची सोय नाही. गावोगावचे स्टुडिओ बंद पडतायत, निगेटिव्ह भंगारात जातायत. हे काम आत्ता केलं नाही तर पुढच्या पिढीला करायला काही उरणार नाही.

म्हणून मला सुचतं ते असं. दरवर्षी बक्षीस नको. दर दोन वर्षांनी एका क्युरेटरला दोन वर्षांची अभ्यासवृत्ती देऊ. पैशाचे तीन वेगळे भाग करू आणि ते एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. पहिला भाग क्युरेटरचं दरमहा मानधन, पगारासारखं पहिल्या तारखेला. दुसरा कामाचा खर्च, म्हणजे प्रिंट, स्कॅनिंग, प्रोजेक्टरचं भाडं, प्रवास आणि आम्लरहित कागदाची पाकिटं. तिसरा, ज्यांचं काम दाखवायचं त्या कलाकारांचं मानधन. हा तिसरा भाग वेगळा काढला नाही तर क्युरेटरला पहिली कात्री तिथेच लावावी लागते आणि सुरुवातीलाच तो दुसऱ्याच्या कामाची किंमत शून्य धरायला शिकतो.

अर्ज मराठीत. वयाची अट नको, कारण मुली लग्न आणि बाळंतपणानंतर उशिरानं कामाकडे वळतात. आधीच्या प्रदर्शनांची यादी मागायची नाही. त्याऐवजी दहा चित्रं निवडून पाठवायला सांगू, स्वतःची नव्हे, दुसऱ्या कुणाची, आणि त्या क्रमानंच का लावली ते लिहायला सांगू. त्या एका पानावरून माणूस कळतो. निवड आपण दोघांनी करायची नाही. त्या क्षेत्रात काम केलेली तीन माणसं बोलावू, त्यांना मानधन देऊ आणि त्यांचा निर्णय मान्य करू. निवडलेल्या मुलाला किंवा मुलीला एक अनुभवी क्युरेटर मार्गदर्शक म्हणून द्यायचा, महिन्यातून एकदा भेटणारा, लुडबुड न करणारा.

प्रदर्शन दोन ठिकाणी व्हावं, ही मात्र अट ठेवू. एक मोठ्या शहरात, जिथे या क्षेत्रातली माणसं ते पाहतील आणि पुढचं काम मिळेल. दुसरं जिथून चित्रं आली तिथे, मग ते नगर वाचनालय असो, नाट्यगृहाचा व्हरांडा असो की कुणाचं घर असो. ज्यांचे चेहरे आहेत त्यांनी ते आधी पाहावेत. आणि शेवटी सगळ्या कामाची नोंद एका पुस्तिकेत, मराठीत, कारण प्रदर्शन उतरलं की पाठीमागे तेवढंच राहतं.

तुझ्या मनात एक शंका येणार. बक्षीस दिलं की समारंभ होतो, अण्णांचं नाव पेपरात येतं. यात दोन वर्षं काहीच दिसणार नाही. खरंय. पण अण्णांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे लोकांपुढे नीट आणले आणि प्रिंटच्या मागे फक्त रबरी शिक्का मारला. त्यांच्या नावानं असंच काम उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

तुला पटलं तर दोन कामं लगेच करू. माळ्यावरची खोकी खाली काढू, वास येणाऱ्या निगेटिव्ह बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवू. आणि त्या मुलीला फोन करू. अभ्यासवृत्तीसाठी नव्हे, ती तिनं इतरांसारखाच अर्ज करून मिळवावी. अर्जाचा नमुना लिहायला मदत कर म्हणून, आणि त्या मदतीचे पैसे पहिल्याच दिवशी तिच्या हातात ठेवू. पटलं नाही तर वाद घाल, मी ऐकीन. पण बक्षिसाची जाहिरात छापायला देण्याआधी मला कळव.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा धाकटा भाऊ