शाकारणीच्या वर्षाची टिपणं

वर्ष जूनमध्येच सुरू करायचं, हा हट्ट सोडला. कोकणात जुनं घर दुरुस्त करणाऱ्याचं वर्ष दिवाळीनंतर सुरू होतं आणि मृग लागायच्या आत छप्पर झाकलं की अर्धं संपतं. मुलांचा अभ्यास या वर्षाशी भांडत बसला तर ना धड घर होईल, ना धड अभ्यास. म्हणून वहीत आधी घराची कामं मांडली, मग विषय. कार्तिक ते फाल्गुन भिंती, चुना, सुतारकाम. चैत्र-वैशाखात कौलं उतरवायची, वासे बदलायचे, शाकारणी. पुढे पावसात गवंडी येत नाही, चुना वाळत नाही, लाकूड फुगतं. घर आपल्याला मोकळं सोडतं. पुस्तकांचं सत्र तेव्हा. गणपतीला मुंबईहून सगळे येतात, तोवर माजघर उभं राहिलंच पाहिजे. ही तारीख मात्र हलणार नाही.

*

घर राजापूर तालुक्यातलं, सासरचं. जांभ्याच्या भिंती, पुढे ओटी, मग माजघर, मागे पडवी, वर माळा. सासूबाई आता एकट्या राहू शकत नाहीत म्हणून आम्ही पुण्याहून आलो. थोरली बारा वर्षांची, धाकटा आठ. घरी शिकवायचं हे इथे येण्याआधीच ठरलं होतं. घर दुरुस्त करायचं हे पहिल्या पावसात माजघरात बादल्या मांडल्या तेव्हा ठरलं.

*

शेजारच्या काकी दर आठवड्याला विचारतात, "पोरांका शाळेत कधी घालतलास?" त्यांची काळजी खरी आहे, म्हणून नीट उत्तर द्यायला हवं. शिक्षणहक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून, 6 ते 14 वयासाठी. तो घरी शिकण्याला स्पष्ट मान्यता देत नाही, नाव घेऊन बंदीही करत नाही. परीक्षेचा रस्ता मात्र मोकळा आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून चौदा पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येतं. राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, पाचवी, आठवी, दहावीसाठी. दोन्हींचे नियम छापून वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवले. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात; पुण्याहून दप्तरं वाहून आणायचं कारण उरलं नाही.

*

सकाळी सात ते नऊ ही वेळ घराला द्यायची नाही. नऊला मेस्त्री येतात, ग्राइंडर सुरू होतो, मग कोणाचं चित्त पुस्तकात राहणार? त्या दोन तासांत वाचन, लेखन, इंग्रजी, पाढे. मधे ट्रॉली आली तरी उठायचं नाही. वाळू कुठे ओतायची ते आदल्या रात्री सांगून ठेवायचं. वर्षाच्या आराखड्यात मी ठाम अशी ही एकच ओळ लिहिली आहे. बाकी सगळं पेन्सिलीनं.

*

मेस्त्रींनी नव्या न्हाणीघराचा पाया आखताना एका बाजूवर तीन फुटांना खूण केली, दुसरीवर चार फुटांना, आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर पाच भरेपर्यंत दोरी सरकवत राहिले. थोरलीनं सातवीच्या पुस्तकात पायथागोरस वाचला होता, पण तिथे काटकोन आधीच दिलेला असतो. इथे काटकोन जमिनीवर नव्हताच, तो दोरीतून काढायचा होता. म्हणजे प्रमेय नव्हे, त्याचा व्यत्यास. मोठ्या खोलीला मेस्त्री सहा-आठ-दहा घेतात. का, ते तिनं त्यांनाच विचारलं. "लांब घेतलां की चूक दिसता," ते म्हणाले. मोजमापातल्या चुकीबद्दल याहून नेमकं वाक्य मला पाठ्यपुस्तकात सापडलेलं नाही.

पातळी ते पारदर्शक नळीत पाणी भरून बघतात. एक टोक ओटीवर, दुसरं पडवीत, मधे दोन भिंती. दोन्हीकडे पाणी सारख्याच उंचीवर. धाकट्याला एक टोक धरायचं काम मिळालं आणि तो श्वास रोखून उभा राहिला.

*

1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली जी परिषद झाली, तिथून नई तालीम आली. झाकिर हुसेन समितीनं आराखडा केला: सात वर्षं, मातृभाषेतून, हस्तोद्योगाभोवती गुंफलेलं शिक्षण. घर दुरुस्त करताना तो विचार पुन्हा वाचावासा वाटतो, आणि त्याच्याशी वादही घालावासा वाटतो. दोरी, पाणी, चुना, कौल यांतून गणित-विज्ञान किती भरभरून येतं ते रोज बघते आहे. पण सगळे विषय एका उद्योगाला टांगायला गेलं की ओढाताण होते. गिलाव्यातून इंग्रजी शब्दयोगी अव्ययं निघत नाहीत. गोष्ट वाचताना रडू येणं, हेही कामातून मिळत नाही; त्यासाठी गोष्टच वाचावी लागते. आणि दर कामाचा धडा केला तर मुलांना ना काम आवडेल, ना धडा. पोराला कौल पुसायला दिलं तर कौल पुसू द्यावं. प्रश्न त्याला पडला तर उत्तर द्यायला मी आहेच.

माझं मन पाबळकडे जास्त ओढतं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथली मुलं खरंच लागणारी वस्तू, खऱ्या गिऱ्हाइकासाठी करतात. सरावाची खोटी भिंत आणि जिच्यात कोणीतरी राहणार आहे ती भिंत, यांत फरक आहे. आजी न्हाणीघरात जाणार म्हटल्यावर थोरलीनं उंबऱ्याची उंची स्वतःहून पुन्हा मोजली.

आणि कोसबाड. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल जिथे कामाला आहे तिथे शाळा गेली. आमच्या मुलांवर तसली पोटाची सक्ती नाही, हे विसरू नये. ती चुन्याचं घमेलं उचलतात ते हौसेनं. दमली की ठेवू शकतात.

*

चुना.

सिमेंटचा गिलावा स्वस्त आणि झटपट, असं सगळे सांगत होते. पण जांभा सच्छिद्र असतो, ओल पितो आणि बाहेर टाकतो. वर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते. मागच्या पिढीनं माजघराच्या एका भिंतीला ते केलं होतं, आणि नेमकी तीच भिंत फुगून पापुद्रे सोडते आहे. मुलांना दोन्ही भिंतींवर हात ठेवायला लावले. मग ठरलं, चुनाच.

किनाऱ्यावर पूर्वी शिंपल्यांच्या भट्ट्या लागत. चुनखडी काय, शिंपला काय, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट. भाजलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्याच्यावर पाणी घातलं की पाणी उकळू लागतं इतकी उष्णता निघते. भिजला चुना भिंतीवर चढला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. आठवीनंतर हे फळ्यावर तीन समीकरणांत येईल, पण थोरलीला ते आत्ताच कळलं, कारण ‘वाळला’ असं मी म्हटल्यावर ती म्हणाली, "वाळला नाही, श्वास घेतला." भिंत पुरी कडक व्हायला महिने लागतात. दर पंधरवड्याला नखानं ओरखडा काढून नोंद करायची जबाबदारी तिची.

कळीचा चुना भिजवताना मुलं दूर, अंगणाच्या टोकाला, डोळ्यांवर चष्मा. वाशांना काजूबीच्या टरफलाचं तेल लावताना तर मुलं जवळही नकोत. वाळवीला ते रोखतं, तसं कातडीही भाजतं. कौलांच्या ढिगात हात घालायचा नाही, आधी काठीनं कौल उलटायचं. खाली विंचू असतो. हे तीन नियम आजीनं घालून दिले, आणि आजीचं म्हणणं मुलं माझ्याहून जास्त ऐकतात.

*

चैत्र. छप्पर उतरलं. माजघरात ऊन आलं ते बघून सासूबाई कितीतरी वेळ उंबऱ्याशी उभ्या होत्या. त्यांच्या लग्नानंतर पहिल्यांदाच.

कौलं किती लागतील, हा प्रश्न थोरलीवर सोपवला. तिचा हिशेब वहीत जसाच्या तसा:

घर जमिनीवर झाकतं 120 चौरस मीटर. पण छप्पर तिरकं, तीस अंशांच्या आसपास, म्हणून त्याचं क्षेत्रफळ जास्त. 120 भागिले 0.866, म्हणजे 138 च्या थोडं वर. मंगलोरी कौलं चौरस मीटरला पंधरा. म्हणजे दोन हजार ऐंशीच्या घरात. मोडतोड धरून तेवीसशे.

मेस्त्री नुसते बघून म्हणाले होते, "बावीस-तेवीसशे." ती इतकी खूश झाली की 0.866 हा आकडा आला कुठून ते मी तेव्हा विचारलं नाही. ते मे महिन्यात, सावकाश, कागदावर काटकोन त्रिकोण काढून. घाई नाही.

मग उलटा प्रश्न: याच छपरावर पाणी किती पडेल? रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. इथे क्षेत्रफळ कोणतं घ्यायचं, 138 की 120? या एका प्रश्नावर जेवणं थांबली. धाकट्याच्या मते छप्पर मोठं म्हणजे पाणी जास्त. थोरलीनं पुठ्ठा टॉर्चखाली धरला. तिरका केला की सावली लहान झाली. पाऊस सावलीवर पडतो, असं ठरलं. 120 घेऊन तीन लाख साठ हजार लिटर. त्यानंतर पन्हळीची रुंदी किती असावी यावर धाकटा कधीच गप्प बसलेला नाही.

*

जुन्या कौलांच्या पाठीवर कारखान्याची नावं उठावात आहेत. कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की ठसा उतरतो. बाझल मिशननं मंगळूरला 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यावरून ही ‘मंगलोरी’. पहिल्या महायुद्धात जर्मन संबंधांमुळे ब्रिटिश सरकारनं मिशनचे उद्योग ताब्यात घेतले. आमच्या माजघरावर इतका इतिहास पालथा पडला होता. कौल बोटानं वाजवायचं. खणखणीत वाजलं तर परत चढवायचं, बद्द वाजलं तर बाजूला. ही निवड धाकट्याची, आणि त्याचा कान माझ्याहून चांगला आहे.

*

ट्रंकेत कागद निघाले. ग्रामपंचायतीचा असेसमेंटचा उतारा, सातबारे, आणि मोडीतली काही पानं. घरात सहहिस्सेदार आहेत, सगळ्यांची संमती घेऊन मगच काम काढलं. ते कागदही मुलांना वाचायला दिले. घर कोणाचं, ही गोष्ट मुलांपासून लपवण्यासारखी नाही. सातबाऱ्यावर हेक्टर-आर, बोलण्यात गुंठे: एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, एक गुंठा त्याहून किंचित जास्त, 33 फूट गुणिले 33 फूट. मोडी पावसाळ्यात शिकायची, मी आणि थोरली दोघींनी. पणजोबांचं अक्षर घरच्याच कोणालातरी वाचता आलं पाहिजे.

*

एक रविवार कामाला सुट्टी. सड्यावर. बारसू, मग देवाचे गोठणे. जांभ्याच्या कातळात कोरलेली ती प्रचंड चित्रं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. देवाचे गोठण्याला होकायंत्राची सुई चित्रापाशी भरकटते. धाकट्यानं तीन जागी ठेवून बघितलं आणि प्रत्येक जागेची दिशा टिपून घेतली. परत येताना त्याचा प्रश्न: हा आणि आपल्या भिंतीतला दगड एकच का? एकच. खाणीतून काढला की मऊ, करवतीनंही कापता येतो. उघड्यावर राहिला की कडक होतो. मग तो लोह म्हणजे काय, गंज म्हणजे काय इथपर्यंत गेला. सुई का भरकटते याचं मी घाईनं उत्तर दिलं नाही. कागद जपून ठेवला आहे, तो चौथी-पाचवीचं चुंबकत्व होईल.

*

वैशाख सरत आला, आढ्याजवळची शेवटची पाखी झाकायची आहे. अभ्यासाची खोली माळ्यावर करायची असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. थोरलीनं एक इंच म्हणजे चार फूट या प्रमाणात घराचा नकाशा काढला आणि माळ्याला विरोध केला: दुपारी कौलं तापतात, पावसात त्यांचा आवाज इतका की वाचलेलं ऐकू येणार नाही, आणि आजी वर चढू शकत नाही. तिचं म्हणणं, पूर्वेकडच्या पडवीला खिडकी काढा. मेस्त्रींना नकाशा दाखवला. त्यांनी भिंत ठोकून बघितली, वरून तुळई जात नाही याची खात्री केली, नकाशातली खिडकी सहा इंच उत्तरेला सरकवली. चौकटीला फणसाचं लाकूड आहे घरात. सोमवारी चिरे काढायला घेतील.