स्थलांतर प्रमाणपत्र

आमच्या घरातल्या लोखंडी पेटीत बी.ए.च्या तीन गुणपत्रिका आहेत. पहिल्या दोन नागपूर विद्यापीठाच्या, तिसरी अमरावती विद्यापीठाची. कॉलेज एकच, बाक तेच, सरही तेच. बदलला तो फक्त शिक्का.

१ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा आम्ही बुलडाणा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होतो. अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलडाणा हे चार जिल्हे नागपूरपासून वेगळे काढले गेले. वाशीम तेव्हा अकोल्यातच होते. त्याचा जिल्हा झाला १९९८ साली.

अब्बांना केवढा आनंद झाला होता! मोठ्या भावाच्या एका कागदासाठी ते मलकापूरहून रात्रीच्या पॅसेंजरने नागपूरला गेले होते. शिलाईचे दुकान दोन दिवस बंद, आणि कागद मिळालाच नाही. ‘‘अब अमरावती तो घर की बात है,’’ असे ते मोहल्ल्यात सांगत फिरले. घर की बात म्हणजे बडनेऱ्याला उतरायचे, तिथून पुढे दुसरी गाडी धरायची. आमच्या बुलडाणा गावाला तर आजही रेल्वे नाही. देऊळगावराजाच्या पोराला जालना हाकेच्या अंतरावर. पण ते मराठवाड्यात, तिथली कॉलेजे औरंगाबादच्या विद्यापीठाची. त्याने सारा जिल्हा ओलांडून अमरावतीलाच जायचे. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांकडे गेले, तेव्हाची ती सीमा. निजाम गेला, इंग्रज गेले, आमच्या पदवीच्या कागदावर मात्र ती रेघ तशीच राहिली.

पुढे नोकरीसाठी अर्ज केला तेव्हा एका संस्थेच्या कारकुनाने आमच्या गुणपत्रिका दोनदा उलटसुलट केल्या. ‘‘दोन विद्यापीठं कशी? स्थलांतर प्रमाणपत्र आणा.’’ आम्ही म्हणालो, ‘‘साहेब, आम्ही कुठंच गेलो नाही. विद्यापीठ गेलं.’’ त्यांनी अर्जावरचे आमचे नाव वाचले, मग आमच्याकडे पाहिले, आणि विचारले, ‘‘मूळचे कुठले तुम्ही?’’ आम्ही गावाचे नाव सांगितले. ‘‘नाही, त्याच्या आधी?’’ त्याच्या आधीही तेच गाव, आणि कब्रस्तानात आमच्या चार पिढ्या. पण हे सांगायला त्या फॉर्मात रकाना नव्हता. घरी येऊन हे सांगितले तेव्हा अब्बा मशीनवरून उठले नाहीत. नुसती पायडल थांबली.

नोकरी लागली ती दुसरीकडे. मराठी शिकवत आम्ही निवृत्त झालो. मुसलमान माणूस मराठी शिकवतो याचे आश्चर्य बाहेर होतेच, मोहल्ल्यातही होते. ‘‘उर्दू छोड के मराठी काय को?’’ असे विचारणारे चाचा स्वतः बाजारात दिवसभर अस्सल वऱ्हाडी बोलत.

२००५ साली विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाचे नाव पदवीवर आले याचा आम्हाला मनापासून आनंद झाला. ‘संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ’ असे उत्तरपत्रिकेवर लिहिताना पोरांना जागा पुरत नसे, ते वेगळे.

मग आला महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला. आधीच्या अनेक विद्याशाखा मोडून चारच ठेवल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. मराठी, उर्दू, इतिहास, अर्थशास्त्र, इतकेच काय कायदासुद्धा, सगळे मानवविज्ञानात गेले. शिक्षणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, शारीरिक शिक्षण आंतरविद्याशाखीय झाले. आम्हाला वाटले, चला, मराठी आणि उर्दू एका चुलीवर आल्या, भांडी वेगळी असली तरी. स्टाफरूममध्ये उर्दूच्या सरांना आम्ही तसे म्हणालोही. ते हसले. ‘‘चूल एक झाली, पण लाकडं कोण आणणार?’’

लाकडे म्हणजे वर्कलोड. विषय टिकतो तो तासिकांवर, तासिका विद्यार्थ्यांवर, आणि विद्यार्थी येतात शिक्षक असेल तर. सर निवृत्त झाले. जागा भरली नाही. दोन वर्षे तासिका तत्त्वावर एक तरुण आला, दर तासाच्या हिशेबाने पगार घेत, तोही महिनोन् महिने उशिरा. एके दिवशी तो भिवंडीला शाळेत लागला. उर्दूचे कपाट कॉलेजात अजून आहे. कुलूपही आहे. किल्ली कुठे आहे ते कुणी सांगत नाही.

२०२४ च्या जूनपासून संलग्न कॉलेजांतही नवे शैक्षणिक धोरण आले. आमच्या थोरल्या आपाची नात त्याच वर्षी बारावी झाली. तिला मेजर मराठी आणि मायनर उर्दू घ्यायचे होते. आम्ही आयुष्यभर जे दोन खिशांत वेगवेगळे वागवले, ते या पोरीला एकाच गुणपत्रिकेवर हवे होते. आणि नियम चक्क तिच्या बाजूने होता! कागदावर अशी जोडी घेता येते. पण ज्या विषयाला शिक्षक नाही त्याचे मायनर कॉलेज कुठून देणार? मग ती म्हणाली, ओपन इलेक्टिव्ह म्हणून तरी घेते. तेही जमेना, कारण ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरचे लागते, आणि मराठी-उर्दू आता एकाच विद्याशाखेत! म्हणजे ज्या एका चुलीवर आम्ही खूष झालो होतो, तीच आडवी आली. वाणिज्यातले काहीतरी घ्या, असे काउंटरवर सांगण्यात आले.

बदल नकोच असे आम्ही कसे म्हणू? नागपूर तुटले नसते तर आमच्यासारख्यांच्या पोरी पदवीपर्यंत पोहोचल्या असत्या का, कोण जाणे. पण विभाग जोडणाऱ्यांनी आणि तोडणाऱ्यांनी एकदा एस.टी.ने मेहकरपर्यंत यावे, एखाद्या कॉलेजचे कुलूपबंद कपाट पाहावे, एवढे मात्र वाटते.

पोरगी संध्याकाळी आमच्याकडे आली. आपाही आल्या होत्या. त्यांनी पेटी उघडायला लावली आणि अब्बांची जुनी उर्दू वही काढली, शिलाईची मापे लिहिलेली. पोरगी अडखळत वाचू लागली: छाती, कंबर, बाही. एका पानावर मापांच्या खाली अब्बांनी नागपूरच्या गाडीची वेळ लिहून ठेवली होती.

‘‘नाना, हे कशाला?’’ तिने विचारले.

आम्ही चष्मा पुसू लागलो. आपा म्हणाल्या, ‘‘पुढचं पान वाच.’’