घाटातली पाटी आणि दोन डबे

बीडहून वडवणी, तेलगाव करीत धारूरला जाणारी लाल गाडी घाट चढू लागली की बालाघाटचा डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतो. जमीन मुरमाड, पाऊस बेताचा. पण सीताफळाला हीच जमीन मानवते. शेळीसुद्धा त्याच्या पाल्याला तोंड लावीत नाही, म्हणून बांधावर, डोंगरावर ही झाडे टिकून आहेत. अंबाजोगाईला सीताफळाचे संशोधन केंद्र आहे, ‘धारूर-६’ नावाचा वाण आहे, आणि २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. मानांकन मिळाले, पण घाटात पाटी घेऊन बसणाऱ्या बाईच्या पदरात काय पडते, हे आम्हाला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हते.

दसऱ्याच्या आधी आम्ही नातेवाइकांकडे धारूरला निघालो होतो. घाटात गाडीचे चाक बसले. कंडक्टर म्हणाले, तासभर तरी लागेल. रस्त्याच्या कडेला एक ताई आणि तिची नववीतली मुलगी सीताफळे मांडून बसल्या होत्या. आम्ही भाव विचारला. ताईने भाव सांगण्याआधी आम्हालाच विचारले, “भाऊ, आज खायचेत का परवा?”

आम्ही चकित झालो. ज्याला आज खायचे त्याला मऊ, ज्याला लांब न्यायचे त्याला डोळे नुकते उघडलेले कडक फळ. झाडावरून उतरवलेले सीताफळ दोन-चार दिवसांत पिकते आणि मग थांबत नाही. आंब्याच्या रसासारखे आटवूनही ठेवता येत नाही, गर तापवला की कडवट होतो. तेव्हा गिऱ्हाईक कधी खाणार हे विचारणे म्हणजे माल सडू न देणे. ही विद्या आम्हाला बी.कॉम.च्या पुस्तकात सापडली नव्हती.

बोलता बोलता हिशेब निघाला. झाडे दुसऱ्याच्या बांधावरची, मक्त्याने घेतलेली. मक्ता पाच हजार, दिवाळीला द्यायचा. मागल्या साली वीस दिवस धंदा झाला, रोजचा गल्ला सरासरी पाचशे. ताई म्हणाली, “धंदा चांगला झाला, पण दिवाळीला हातात काहीच राह्यलं नाही. पैसा कुठं गेला तेच कळंना.”

आम्ही तिकिटाच्या पाठीवर आकडे मांडले. वीस दिवसांचा गल्ला दहा हजार. त्यातून मक्ता पाच हजार. वस्तीवरून येण्याजाण्याचे जीपभाडे रोज साठ, म्हणजे बाराशे. उरले तीन हजार आठशे. वीस दिवसांनी भागले तर रोजचे एकशे नव्वद. आणि घरात रोज खर्च होत होते चारशे! दिवाळीला हाती उरले आठशे, देणे पाच हजार.

ताई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणूनच उचल घ्यावी लागली, भाऊ.”

आपल्या जिल्ह्यात उचल म्हणजे काय हे सांगायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ रक्कम घ्यायची आणि सहा-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडून ती फेडायची. तेलगावला कारखाना डोळ्यांसमोर आहे, तरी माणसे परमुलखातल्या फडात राबतात. मागल्या साली या मुलीची शाळा पाच महिने बुडाली होती. यंदाही मुकादमाचा माणूस दोनदा येऊन गेला होता.

मुलगी म्हणाली, “आई, मग हा पाचशेचा धंदा नाहीच. दोनशेचा हाय.”

खरे होते. एकशे नव्वदात घर चालत नाही हेही खरे. पण जे एकशे नव्वद आहेत ते फेडायचे नाहीत, ते आपले आहेत. खरा आकडा कळला तर घरखर्च नवऱ्याच्या मजुरीवर टाकता येतो, पुढच्या साली मक्ता ठरवताना घासाघीस करता येते. आकडाच ठाऊक नसेल तर गल्ला म्हणजेच कमाई वाटते.

आम्ही शहाणपण सांगत होतो, पण मनातून शरमलो होतो. वीस वर्षांपूर्वी आम्हीही वस्तीत किराणा दुकान काढले होते. घरात साखर संपली, घ्या दुकानातून. साबण संपला, घ्या दुकानातून. वहीत उधारी गिऱ्हाइकांची लिहीत होतो, स्वतःची कधी लिहिली नाही. दीड वर्षात दुकानाला कुलूप लागले. दोष गिऱ्हाइकांना दिला. खरे उधारखाते आमचेच होते.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले: एक खाण्यापिण्याला, दोन व्यवसायात, चौथा अडीअडचणीला. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा हिशेब घाटातल्या पाटीलाही लागू पडतो. आम्ही मुलीला एवढेच सांगितले: दोन डबे ठेव. रोज संध्याकाळी मक्त्याचे अडीचशे आधी पहिल्या डब्यात, घर दुसऱ्या डब्यातून. पहिल्याला हात लावायचा नाही. आणि वहीत रोज एक ओळ.

दिवाळीनंतर धारूरच्या स्टँडवर दोघी पुन्हा भेटल्या. सीताफळ संपले होते, पाटीत पेरू आणि बोरे होती. मक्ता वेळेवर दिला होता. नवरा मात्र ऊसतोडीला गेला होता, एकटा, अर्धा कोयता म्हणून. उचलही अर्धीच. “सगळीच टळली नाही, भाऊ,” ताई म्हणाली. मुलीने दप्तरातून वही काढून दाखवली. दोन दिवस लिहायचे राहून गेले होते, तिथे तिने जागा मोकळी सोडली होती.

आम्ही पेरू घेतले. भाव केला नाही. घरी आल्यावर आमच्या खर्चाची वही शोधली.

बंधू-भगिनींनो, पाटी असो, टपरी असो, शिलाई मशीन असो, आज संध्याकाळी दोन डबे मांडून बघा. आपल्या धंद्याचा खरा आकडा आपल्याला कळलाच पाहिजे. तो ठाऊक नसला तर मुकादमाची उचल नेमकी किती घ्यायची, हेही आपल्याला ठरवता येत नाही.