शाफ्ट पाठवू नकोस, आधी कोन मोज

कोल्हापूर,
जूनचा पहिला आठवडा

चि. बाळास,

पत्र मिळालं. जीपच्या मागच्या प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस पुन्हा गेला, म्हणून अख्खा शाफ्टच एसटीच्या पार्सलने पाठवतोस, उद्यमनगरात नवा करून घ्यायचा, असं लिहिलं आहेस. करणारे इथे गल्लोगल्ली आहेत. नळी कापतील, योक बसवतील, बॅलन्स करून देतील. तरी शाफ्ट पाठवू नकोस. एकच क्रॉस वारंवार जात असेल तर खोट बहुधा त्याच्या आजूबाजूला असते. ती तशीच ठेवून नवा शाफ्ट बसवलास, तर दिवाळीपर्यंत त्याचीही तीच गत होईल.

तुझी सीजे-थ्रीबी म्हणजे महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत जोडायला घेतलेल्या विलीज जीपच्याच वंशातली. शाफ्टची मांडणी तीच, युद्धातल्या जीपची. शाफ्टचं एक टोक ट्रान्सफर केसला, म्हणजे चेसिसवर पक्कं. दुसरं मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगला, आणि ते पाट्यांवर सतत वरखाली. त्यामुळे गाडी चालताना शाफ्टची लांबी बदलत राहते, ती स्लिप योक सांभाळतो. कोन बदलत राहतो, तो दोन टोकांचे क्रॉस सांभाळतात. तुझ्या हाउसिंगचा रेशो 5.38. चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे पाचावर फेरे होतात. अंगात एवढीशी खोट असली तरी ती बोलते.

क्रॉसचं एक वागणं लक्षात ठेव. कोनात फिरताना तो वेग जसाच्या तसा पुढे देत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे रेंगाळतो. कोन 10 अंश असेल तर हा फरक दीड टक्क्याच्या आसपास, 20 अंशांना सहा टक्क्यांवर. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हीच चूक उलटी करून फेडतो, पण दोन अटींवर: दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, आणि नळीवरचे दोन्ही योक एका रेषेत हवेत. स्लिप योक उपसून परत घालताना एक-दोन दाते फिरवून बसला, की दुसरी अट मोडते. म्हणून शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही भागांवर पोगराने खूण करायची. नुसती खडूची खूण ग्रीसमध्ये पुसून जाते.

पहिली अट तू स्वतः मोडली आहेस असा माझा संशय आहे. बागेतला जांभा खाली घासतो म्हणून गेल्या वर्षी पाट्यांना लांब शॅकल लावलेस ना? मागची शॅकल लांब झाली की पाट्याचं मागचं टोक खाली जातं, हाउसिंग मागे कलतं आणि पिनियनचं तोंड वर जातं. त्या टोकाचा कोन बदलतो, दोन कोनांचा मेळ तुटतो. तुझा क्रॉस वारंवार जातो, तो यामुळेच असावा. गाडी सपाट जागेवर, चाकांवर उभी ठेव. कंपास पेटीतला कोनमापक आणि ओळंबा घेऊन तिन्ही ठिकाणी माप घे: ट्रान्सफर केसच्या फ्लॅन्जला, शाफ्टला आणि पिनियनला. पिनियन कललेलं निघालं तर पाट्याच्या बैठकीत योग्य उताराची लोखंडी पाचर घालून ते सरळ करता येतं. शाफ्टपेक्षा खर्च कितीतरी कमी. त्याच वेळी इंजिन आणि गिअरबॉक्सचे रबर बसलेत का, स्लिप योक आत पुरेसा आहे का, नळीला पोचा आहे का, तेही बघ. नळीवर डकवलेले छोटे पत्र्याचे तुकडे बॅलन्सचे असतात. साफ करताना ठोकून काढू नकोस.

शाफ्ट खाली घेताना आधी चारही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लाव. ही नुसती रीत म्हणून सांगत नाही. या जीपचा हॅण्डब्रेक मागच्या चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावरच्या ड्रमवर असतो. मागचा शाफ्ट सुटला आणि पुढचा ॲक्सल जोडलेला नसेल, तर ओढलेला हॅण्डब्रेक आणि टाकलेला गिअर दोन्ही कुचकामी. तुमचं अंगण उताराचं आहे, आणि तू गाडीखाली असशील.

क्रॉस बदलताना जुन्याचे बेअरिंगचे डबे नीट बघ. आतल्या सुयांनी खाचा पाडल्या असतील तर तो बरेच दिवस भार सोसून गेला; आत लाल भुकटी असेल तर ग्रीस पोचलंच नव्हतं. नवा डबा दाबताना सर्कलिप खाचेत बसेना, तर ठोकू नकोस. आत एखादी सुई आडवी पडलेली असते. डबा काढ, ग्रीस लावून सुई उभी कर. निप्पलचं तोंड ग्रीस गन पोचेल असंच ठेव. बसवून झाल्यावर जॉइंट हाताने मोकळा फिरला पाहिजे. एक टोक उघडलंस की दुसरंही तपास. दोन्ही क्रॉस एकाच वयाचे असतात.

यापुढे पाण्या-चिखलातून गाडी आणलीस की ग्रीस गन मार. चारही डब्यांतून जुनं, मळकं ग्रीस बाहेर पडून ताजं दिसेपर्यंत मार. स्लिप योकला मात्र बेताने. ठासून भरलंस तर सरकायला जागा उरत नाही. हळू जाताना चूंचूं ऐकू आली तर क्रॉस कोरडा आहे. गिअर टाकून क्लच सोडताना खट्‌ वाजलं तर ढिला आहे. आणि हौस म्हणून डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावू नकोस. वळणावर पुढच्या-मागच्या चाकांचं अंतर वेगळं पडतं, ते सोडवायला या गाडीत मधे डिफरेन्शियल नाही. मग तो पीळ टायर, क्रॉस आणि गिअर सोसतात. फोर-व्हील चिखलात, वाळूत. गगनबावड्याच्या डांबरावर नाही.

आंबा उतरला आहे, पाऊस अजून दोन पावलं लांब आहे. गाडी उघडायला हीच वेळ. ती तीन मापं आणि जुन्या क्रॉसचे डबे पाठव. पाचर किती उताराची घालायची ते मी इथे करणाऱ्याला दाखवून कळवतो. शाफ्ट खराच वाकलेला निघाला, तर तेव्हा पार्सलचा खर्च करू.

आईला नमस्कार सांग. कळावे.

तुझा,
मामा