दाखवायचं तिकीट

परतीच्या तिकिटाचा स्वभाव कळायला विमानात बसण्याची गरज नाही. रात्री एक-दीडच्या सुमाराला सहारच्या टर्मिनल दोनवर जावं आणि आखाताच्या किंवा बँकॉकच्या रांगेजवळ थोडा वेळ उभं राहावं. जायचं तिकीट तिथे मोबाइलवर उघडून ताठ मानेनं फिरत असतं. त्याला जायचं असतं, म्हणून ते निघालेलं असतं. परतीचं मात्र प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, पासपोर्टच्या झेरॉक्सच्या मागे आणि हॉटेलच्या बुकिंगच्या पुढे, चार घड्या पडून बसलेलं. काउंटरवरची मुलगी मान वर न करता विचारते, "रिटर्न?" तेवढ्यावर ते बाहेर येतं, तिच्यासमोर दहा सेकंद उभं राहतं आणि पुन्हा फाइलमध्ये शिरतं. त्याच्यावर लिहिलेल्या तारखेला ते विमानात बसेलच असं कोणी सांगावं? दाखवून झालं की त्याचं काम झालं.

मुळात हा पेशानं जामीनदार. "याला मी अमुक तारखेला परत आणतो," एवढं एकच वाक्य त्याला पाठ. ज्याच्या वतीनं ते हे बोलतं त्यालाच ती तारीख ठाऊक नसते, हे मी अनेकदा बघितलं आहे. व्हिजिट व्हिसावर निघालेला, हातांना घट्टे पडलेला, नवी करकरीत जीन्स घातलेला मुलगा. "कशासाठी चाललात?" "फिरायला." "काय बघणार?" "बुर्ज खलिफा." इथपर्यंत पाठांतर पक्कं. "आणि परत कधी?" की तो फाइल उघडून स्वतःचीच तारीख वाचायला लागतो.

दिसायला साधंच. ए-फोर कागद, एजंटच्या प्रिंटरची शाई संपत आलेली. आडनाव आधी, मग तिरकी रेघ, मग नाव, आणि नावाला चिकटूनच एमआर, म्हणजे गणेशचा गणेशएमआर झालेला. त्याखाली सहा अक्षर-आकड्यांचा पीएनआर. पण जाणकार माणूस पीएनआरवर जात नाही, तो तिकीट नंबर शोधतो. तेरा आकडी नंबर असतो आणि त्याचे पहिले तीन आकडे विमान कंपनीचं घराणं सांगतात. एअर इंडियाचं ०९८, एमिरेट्सचं १७६. हा नंबर असला तर समजायचं, कोणीतरी खरे पैसे मोजले आहेत. नुसताच पीएनआर असला तर जागा धरून ठेवलेली आहे, तिकीट अजून जन्मलेलं नाही.

या न जन्मलेल्या भावंडाला बाजारात डमी म्हणतात. ट्रॅव्हल एजंटकडे अमेडिअस किंवा गॅलिलिओ हे आरक्षणाचं सॉफ्टवेअर असतं, त्यात पैसे न भरता जागा अडवता येते. कंपनीनं घातलेली टाइम लिमिट संपली की ती आपोआप सुटते. कधी काही तास, कधी दोन-तीन दिवस, एवढंच डमीचं आयुष्य. "साहेब, दोन दिवसांसाठी ब्लॉक करून देतो, काउंटर पार झालं की झालं," असं सांगणारे एजंट मुंबईत काय आणि महाडात काय, सगळीकडे सापडतात. विमान कंपन्याही खुळ्या नाहीत. असं वारंवार करणाऱ्या एजंटच्या नावावर त्या एडीएम, म्हणजे दंडाचं बिल फाडतात. काउंटरवर पीएनआर टाकला आणि नंबरची जागा रिकामी दिसली, तर मागच्या रांगेसमोर जी शोभा होते ती त्या मुलाची होते. एजंट तेव्हा घरी झोपलेला असतो.

गंमत अशी की सगळेच डमीवर डोळे वटारत नाहीत. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला कितीतरी वकिलाती स्वतःच सांगतात की आधी तिकीट काढू नका, नुसतं आरक्षण जोडा, व्हिसा हातात आला की काढा. म्हणजे वकिलातीच्या खिडकीत जे शहाणपण तेच काउंटरवर लबाडी ठरू शकतं. तिकिटाला यात काही वावगं वाटत नाही. आपल्याला का वाटावं?

पण विचारतं कोण, आणि का? प्रवाशाला वाटतं, ही मुलगी त्या देशाच्या वतीनं विचारते. तसं नाही, ती कंपनीच्या खिशाच्या वतीनं विचारते. उतरल्यावर ज्याला देशात घेतलं नाही, तो कंपनीच्या भाषेत इनॅड. त्याला ज्या विमानानं आणलं त्याच कंपनीनं परत न्यायचं, हा रिवाज शिकागो कराराच्या नवव्या परिशिष्टापर्यंत जातो. वर दंड वेगळा. ब्रिटननं १९८७ साली कायदा करून, योग्य कागद नसलेला एकेक प्रवासी आणल्याबद्दल विमान कंपन्यांकडून हजार पौंड घ्यायला सुरुवात केली आणि पुढे त्याचे दोन हजार केले. युरोपीय संघाच्या २००१च्या निर्देशात असा जास्तीत जास्त दंड ठरवताना तो माणशी ५,००० युरोच्या खाली जाता कामा नये असं बजावलं आहे. झालं, सरहद्द उचलून सहारच्या काउंटरवर आणून ठेवली, तीही दुसऱ्याच्या पगारावर. त्या मुलीच्या पडद्यावर टायमॅटिक नावाची नियमांची जंत्री उघडते: कुठला पासपोर्ट, कुठला देश, किती दिवस, परतीचं तिकीट हवं की नको. तिथे 'हवं' असं आलं की ती आणि तुमचं तिकीट समोरासमोर.

याचा एक सावत्र भाऊ आहे, 'पुढचं तिकीट'. हा घरी आणत नाही, फक्त त्या देशातून बाहेर काढतो. मग तो तुम्हाला मनिलाहून सिंगापूरला नेवो की क्वालालंपूरला. फिलिपिन्सनं जून २०२५ पासून भारतीयांना चौदा दिवस बिनव्हिसा येऊ दिलं, पण परतीचं किंवा पुढचं पक्कं तिकीट असेल तरच. लॅपटॉप काखेत मारून देशोदेशी हिंडत नोकरी करणारी हल्लीची मंडळी याच भावाच्या जिवावर जगतात. पुढच्या महिन्यात कुठे असू हे त्यांचं त्यांना माहीत नसतं, पण तिकीट मात्र शपथेवर सांगतं. त्यांच्याबद्दल मला फारशी काळजी वाटत नाही. फसले तर जास्तीत जास्त पाच-सात हजारांचं नवं तिकीट काउंटरवर उभ्या उभ्या काढतील.

मला आपलं जुनं तिकीट आठवतं. तेव्हा ते पुस्तक होतं, लाल कार्बन लावलेली पातळ पानं, प्रत्येक टप्प्याचं एक पान. त्यावर एक स्टेटसचा रकाना असे. त्यात 'ओके' असलं की जागा पक्की, 'आरक्यू' असलं की देवाची वाट बघायची. जाताना पहिलं पान फाडून घेत आणि परतीचं पान पुस्तकात शिल्लक राही. ओपन तिकीट असलं तर तारखेची जागा मोकळी, मुदत वर्षाची. आखातात गेलेला माणूस ते पान ट्रंकेत कपड्यांखाली जपून ठेवी, किंवा पासपोर्टासकट कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, कपाटात जमा करी. जपणं आणि जमा करणं यातला फरक त्याला उतरल्यावर कळे. १ जून २००८ पासून जगभर कागदी तिकिटं बंद झाली. कंपन्यांचा खर्च वाचला हे खरं, पण हातात धरायला काही उरलं नाही. आता परतीचं तिकीट म्हणजे कुठल्यातरी सर्व्हरमधली एक ओळ. जो पैसे भरतो त्याच्या हातात ती रद्द करायचं बटणही असतं, आणि पैसे पुष्कळदा प्रवाशानं भरलेले नसतात.

परतीच्या तिकिटाचं मूळ शोधायला गेलो तर ते जहाजावर सापडतं. १८३४ पासून मॉरिशसला गिरमिटिये, म्हणजे करारानं बांधलेले मजूर, जाऊ लागले. त्यांच्यात मुंबईहून निघालेली रत्नागिरीकडची मराठी माणसंही होती. सुरुवातीच्या करारांत पाच वर्षं उसाच्या मळ्यात राबल्यावर परतीचा प्रवास फुकट असे. मळेवाल्यांना तो खर्च जड जाई. त्याहून जड जाई शिकून तयार झालेला मजूर हातचा जाणं. १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला तो हक्क काढून घेतला गेला. फिजीत फुकट परतीसाठी दहा वर्षं काढायची अट होती, पाच कराराची आणि वर पाच. आज मॉरिशसमध्ये कास्काव्हेलला गणपती बसतो, मराठी आडनावं ऐकू येतात. त्यातल्या किती घरांचं मूळ त्या न मिळालेल्या तिकिटात आहे याचा हिशोब कोणी मांडणार नाही. त्या काळी माणूस परत जाऊ नये म्हणून तिकीट काढून घेत, आता माणूस राहू नये म्हणून तेच तिकीट आणायला लावतात.

आपलं सरकारही तिकिटावर भरवसा टाकतं. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड', येतं. १९८३च्या एमिग्रेशन कायद्याखाली, आखाती देश, मलेशिया, थायलंड असे अठरा देश धरले आहेत; तिथे नोकरीला जाणाऱ्या ईसीआरवाल्याला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते. करार बघतात, पगार बघतात, विमा बघतात. तोच माणूस फिरायला चालला असेल तर मंजुरी नको. पासपोर्ट, व्हिसा आणि परतीचं तिकीट पुरे. आता मला सांगा, दहावी नापास प्लंबरला दोन दारं दाखवली, एकाला महिनाभर लागतो आणि दुसऱ्याला एक प्रिंटआउट, तर त्याचा एजंट त्याला कुठल्या दारानं नेईल? कायदा गरिबाच्या रक्षणासाठी केला आणि त्याच्या शेजारीच पर्यटकाची खिडकी उघडी ठेवली. तिकीट त्या खिडकीत बसलेलं असतं, अगदी निरागस चेहऱ्यानं.

दुबईला हे कळत नाही असं नाही. २०२४च्या मे महिन्यात व्हिजिट व्हिसावर निघालेल्या बऱ्याच जणांना भारतातल्याच विमानतळांवर थांबवलं गेलं. परतीचं तिकीट आहे ना, मग राहण्याचा पत्ता दाखवा आणि ३,००० दिरहम दाखवा. जामीनदाराच्या शब्दाला किंमत उरली नाही की दुसरा जामीनदार मागतात, तिसरा मागतात.

आणि खरंच अडचणीत सापडलेल्या माणसाच्या ते काय कामाला येतं? थायलंडनं १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसा माफ केला. डेटा एंट्रीची, कस्टमर केअरची नोकरी सांगून पोरांना बँकॉकला उतरवायचं, तिथून गाडीनं माए सोटला, तिथून नदीपलीकडे म्यानमारमध्ये म्यावाडीच्या कुंपणांत. तिथे बसून इंटरनेटवर लोकांना गंडवायचं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या दोन विमानांनी माए सोटहून अशा ५४९ भारतीयांना परत आणलं. पर्यटक म्हणून बँकॉकला उतरवलेल्या पोरांच्या फाइलमध्ये परतीचा कागद असणारच, त्यावर तारीखही. पण ते तिकीट बँकॉकहून होतं, आणि पोरं नदीच्या पलीकडे.

खरी नोकरी मिळालेल्याची गोष्ट याच्या नेमकी उलटी. रोजगाराचा व्हिसा असला तर काउंटरवर परतीचं कोणी विचारत नाही. तो एकेरी तिकिटावर उजळ माथ्यानं जातो. त्याचं परतीचं तिकीट कंपनीकडे, करारातल्या एका कलमात असतं. अमिरातीच्या २०२१च्या कामगार कायद्यात नोकरी संपल्यावर माणसाला मायदेशी पाठवण्याचा खर्च मालकावर टाकला आहे, अर्थात त्यानं दुसरी नोकरी धरली नसेल आणि काढलं त्यात त्याचा दोष नसेल तर. सौदीच्या कायद्यातही तिकीट मालकानंच द्यायचं. फार कशाला, अमेरिकेच्या एच-वन-बीवाल्याला मुदतीआधी काढलं तर परतीच्या प्रवासाचा रास्त खर्च कंपनीनं द्यायचा असतो. आपल्याकडच्या आयटीवाल्यांना हे सांगितलं की ते तोंडाकडे बघत राहतात. राजीनामा लिहून घेतला की तोही हक्क जातो, म्हणून एचआरवाली बाई इतक्या गोड बोलीत तो मागते.

मला विचाराल तर ज्याला खरोखर परत यायचं असतं त्याच्या हातात हे तिकीट कधीच नसतं. ते असतं फिरायला चाललेल्याच्या फाइलमध्ये नाहीतर मालकाच्या अकाउंट्समध्ये. आणि अकाउंट्समधल्या तिकिटाची आणखी एक खोड आहे: ते पैशांत मोडता येतं. दोन वर्षं भरली की रजा आणि तिकीट हक्काचं. पण रजेला जायचं नसेल तर कंपनी रजेचा पगार आणि तिकिटाचे पैसे हातात ठेवते, आणि तिचा एक कामगार दोन महिने कमी पडायचा वाचतो. दोघंही खूश. खेड-चिपळूणच्या बाजूला अर्धी बांधून थांबलेली जी घरं दिसतात, गच्चीवर गंजक्या सळया वर आलेली, त्यांतल्या काहींचा वरचा मजला याच पैशांवर उभा राहतो.

श्रावण लागला की व्हॉट्सॲप कॉल येतो. आईनं स्पीकरवर टाकलेला असतो, त्यामुळे पडवीतल्या सगळ्यांना ऐकू येतो. पाच मिनिटं पाऊस, पाटपूजन, काकाचं ऑपरेशन. मग तो म्हणतो, "या टायमाला तिकिटाचे पैसेच घेतो गं. स्लॅब पडून जाऊ दे. गणपतीला पुढच्या वर्षी येतो."

"तू मागल्या वर्षीपण असंच बोललास," आई म्हणते, आणि फोन बापाकडे देते. बाप विचारतो, "किती देतायत?"