मुंबई की हैदराबाद?

वार्षिक परीक्षा संपली आणि आमच्या घरी भांडण सुरू झाले. भांडण म्हणजे तसले नव्हे. यंदा हरभऱ्याचे पैसे बरे आले म्हणून दादांनी सात हजार रुपये पेटीत वेगळे ठेवले आणि जेवताना म्हणाले, "ह्या सुट्टीत एक मोठं शहर बघून येऊ. मुंबई, न्हाई तर हैदराबाद. दोन्ही काई जमायचं न्हाई. तुमचं तुम्ही ठरवा."

आमच्या घरातले कोणी आजवर नुसते फिरायला म्हणून कोठे गेले नव्हते. सुट्टी लागली की मावशीचे गाव, नाही तर शेत. त्यामुळे दादांचे बोलणे ऐकून माझा घास हातातच राहिला.

मी लगेच म्हणाले, "मुंबई!" मला समुद्र पाहायचा होता. आपल्या तालुक्यातले सर्वांत मोठे पाणी म्हणजे धनेगावचे मांजरा धरण. ते भरले की मी दादांबरोबर पाहून येते. पण धरण आटते. २०१६ साली तर ते कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. तेव्हा मी अगदी लहान होते, पण आई ते अजून सांगते. कधीच न आटणारे पाणी कसे दिसते, ते मला बघायचे होते.

आईचेही मत मुंबईला. माझे मामा कल्याणला राहतात. खोली एकच आहे, पण राहण्याचा खर्च वाचतो. शिवाय एस. टी. चा हिशेब मुंबईच्या बाजूचा. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरच्या माणसांना एस. टी. मोफत झाली, म्हणजे आमच्या आबांना तिकीट नाही. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट, म्हणजे आईचे आणि माझे अर्धे. भाऊ लहान, त्याचेही अर्धे. पूर्ण तिकीट एकट्या दादांचे! हैदराबादला मात्र ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. हद्द ओलांडली की आबा आणि आई दोघेही पूर्ण तिकिटाचे धनी.

भावाला राणीच्या बागेतले पेंग्विन पाहायचे होते. मुंबईला तीन मते झाली. मी वहीच्या मागच्या पानावर यादीसुद्धा केली. गिरगावची चौपाटी, १९२४ साली बांधून झालेले गेटवे ऑफ इंडिया, हुतात्मा चौक, आणि बोरीबंदर, जिथून १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यापर्यंत आपल्या देशातली पहिली प्रवासी आगगाडी धावली.

आबांना कोणी विचारलेच नव्हते. ते आपले म्हणाले, "तुम्ही जावा. म्या ढोरं बघतो."

दुसऱ्या दिवशी आबा लिंबाखाली दावे वळत बसले होते. यादी पुरी करावी म्हणून मी विचारले, "आबा, हैदराबादला काय आहे हो बघण्यासारखं?"

आबांनी दावे खाली ठेवले. "म्या गेलतो एकदा. दहा वर्साचा असंल. माझ्या बापाचा जमिनीचा दावा हुता. त्याची तारीख हैदराबादला."

"मुंबईला का नाही?"

आबा हसले. "तवा आपली मुंबई नव्हती बाई. आपलं समदं हैदराबादला."

दर वर्षी १७ सप्टेंबरला आपण शाळेत ध्वजवंदन करतो आणि गुरुजी मुक्तिसंग्रामाचे भाषण करतात. त्यातले मला एवढे ठाऊक होते की १९४८ साली निजामाचे राज्य संपले. पण त्यानंतरही आपला बीड जिल्हा आठ वर्षे हैदराबाद राज्यातच होता, हे माझ्या ध्यानात नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. आबा हैदराबादला गेले ते त्याच्या आदल्या वर्षी. आपल्या शेजारच्या अंबाजोगाईला निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हणत. ते नाव आबांच्या तोंडात अजून येते.

पणजोबा आणि आबा परळीपर्यंत बैलगाडीने गेले आणि पुढे आगगाडीने. ती गाडी उदगीर, बीदर, विकाराबाद अशी आजही जाते. (आणि आपल्या बीड शहराला पहिली आगगाडी मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगरची!) पणजोबांच्या कनवटीला थोडे निजामाचे हाली शिक्के आणि थोडे कलदार रुपये होते. सात हालीचे सहा कलदार, हा हिशेब आबांना आजही तोंडपाठ आहे. सात हजारांत किती हाली, असे मी विचारले तर ते बोटे मोडत बसले.

कोर्ट मुसी नदीच्या काठी. आबा बाहेर पायरीवर बसून राहिले. तिथे वकिलाच्या कारकुनाने त्यांना सांगितले, की इथल्या सालारजंगाच्या संग्रहालयात एक घड्याळ आहे. दर तासाला त्यातून एक दाढीवाला माणूस बाहेर येतो, टोले देतो आणि परत आत जातो. आबांनी बापाच्या मागे टुमणे लावले. पण कोर्टाचे काम सुटले तेव्हा दिवस कलला होता आणि रात्रीची गाडी गाठायची होती. पणजोबा म्हणाले, "पुढल्या तारखेला दावतो."

"मग पुढच्या तारखेला पाहिलं का?"

"कुठलं! पुढली तारीख पडायच्या आत आपण मुंबईकडं गेलो. दावा बी तिकडंच गेला. बाप एकटा जाऊन आला मुंबईला. हैदराबादला जायाचं मग कुणाला कामच पडलं न्हाई."

एवढे बोलून आबा पुन्हा दावे वळायला लागले. मी तशीच बसून राहिले. राज्ये बदलतात ती नकाशात, असे मला वाटायचे. नकाशा बदलला म्हणून एका मुलाचे घड्याळ पाहायचे राहून जाते, हे पुस्तकात कोठे लिहिलेले नाही.

रात्री मी दादांना सांगितले, "माझं मत हैदराबादला." खरे सांगते, सांगताना माझा गळा दाटला होता. समुद्र माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हता. पण समुद्र मी पुढच्या वर्षी पाहिला तरी चालेल. आबांना ऐंशी वर्षे झाली आहेत.

आई म्हणाली, "तितं कोण हाय आपलं? राहायचं कुठं?" त्याचे उत्तर दादांनी काढले. रात्रीच्या गाडीने जायचे, दिवसभर शहर पाहायचे आणि रात्रीच्या गाडीने परतायचे. मुक्कामच नको. आई बराच वेळ काही बोलली नाही. तिला भावाला भेटून दोन वर्षे झाली होती. मग म्हणाली, "बरं. दिवाळीला येतो म्हणून कळवते त्याला." भाऊ रुसला. हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयात वाघ आहेत असे सांगितल्यावर तो हळूहळू वळला.

आता आबांना ढोरांची काळजी लागली. चुलत्यांनी आठवडाभर सांभाळतो म्हटले, तेव्हा ते धोतर धुवायला बसले.

तर आम्ही हैदराबाद पाहिले. चारमिनार पाहिला. तो १५९१ साली बांधला, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी ३९ वर्षे. भोवती गर्दी इतकी की आईने आम्हा दोघांचे हात सोडले नाहीत. वाघ पाहिले, एक झोपलेला आणि एक जागा. गोवळकोंड्याच्या दरवाजात टाळी वाजवली की ती वर गडावर ऐकू येते म्हणतात, पण तेवढा वेळ उरला नाही. टाळीचे राहिले.

संग्रहालय मात्र आम्ही सर्वांत आधी गाठले. ते शुक्रवारी बंद असते, हे दादांनी आधीच विचारून घेतले होते. आबांनी ऐकलेले संग्रहालय जुन्या वाड्यात होते. मुसीकाठच्या आताच्या इमारतीत ते १९६८ साली आले. घड्याळ ठेवले आहे तेथे लोक आधीपासून जागा धरून बसतात. आम्ही बारा वाजण्याच्या आधी अर्धा तास जाऊन बसलो, कारण बाराला सर्वांत जास्त टोले. घड्याळात एक लोहारही आहे, तो प्रत्येक सेकंदाला हातोडा मारतो. आबा मान पुढे करून त्याच्याकडे पाहत होते. पापणी लवत नव्हती.

बाराला दार उघडले. दाढीवाला बाहेर आला. तो हाताच्या बोटाएवढा! त्याने टोले द्यायला सुरुवात केली. आबा पुटपुटत मोजत होते. बारा झाले, तो आत गेला, दार लागले. लोक उठू लागले.

मी विचारले, "आबा, कसा वाटला?"

आबा म्हणाले, "एवढाच व्हय? मला वाटलं हुतं माणसाएवढा असंल." आणि ते काही उठेनात. दादांनी हात पुढे केला तर म्हणाले, "थांब की. एक वाजता बी येतो म्हणं त्यो."

— इयत्ता ७ वी